जुने नाव, नवे नाव

शासकीय राजपत्रातील नावबदलाच्या सूचना आपल्यापैकी फारच थोड्यांनी आवडीने वाचल्या असतील. त्या वाचण्यासाठी नसतातच. पुढेमागे कोणी विचारल्यास दाखवण्यासाठी असतात. त्यांची मांडणी अगदी कोरडी असते. आधी जुने नाव, नंतर नवे नाव. कोणाचे लग्न झालेले असते, कोणी धर्म बदललेला असतो, कोणाच्या शाळेच्या दाखल्यात एक वेलांटी चुकलेली असते. माणसाच्या आयुष्यातील केवढी उलथापालथ त्या दोन ओळींत बसवलेली असते, याचा विचार आम्ही नोकरदार मंडळी सहसा करीत नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका जिल्ह्याच्या गावी असताना, अशाच अर्जाची कागदपत्रे साक्षांकित करून घेण्यासाठी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. शिक्षकाच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचे नाव मी सांगत नाही. पण ते दगडू, धोंडू, कचरू या कुळीतले होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. जन्मभर या नावाने त्यांना छळले होते. तासावर जावे तो फळ्यावर कोणीतरी धोंड्याचे चित्र काढून ठेवलेले असे. आता उरलेली वर्षे तरी एखादे चांगले नाव लावावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी नवे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले होते. जुन्या नावाची जागा मात्र कोरी होती. "साहेब, नवे तेवढे छापून जुने गाळता येणार नाही का?" त्यांनी विचारले. मी त्यांना नियम सांगितला. जुने नाव नसेल तर हे नवे नाव कोणाचे, हे जगाला कळावे कसे? ते काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी ती कोरी जागा भरली आणि कागद माझ्याकडे सरकवीत ते म्हणाले, "माझ्या आधीची दोघे गेली, साहेब. मी जगावे म्हणून आईने हे नाव ठेवले होते."

मी शिक्का मारला, सही केली. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला त्या वेळी सुचले नाही. आज मी जे बोलणार आहे, ते त्या उशिरा सुचलेल्या उत्तरासारखेच आहे.

एम. ए. ला तत्त्वज्ञान शिकत असताना बायबल मी अभ्यासाचा भाग म्हणून वाचले होते. मी जन्माने ख्रिस्ती नाही. त्या धर्माचा अधिकारी अभ्यासकही नाही. परंतु त्या भेटीनंतर तो ग्रंथ मी पुन्हा काढला, आणि त्यात नवे नाव मिळाल्याच्या ज्या कथा आहेत त्या एका मागोमाग एक वाचल्या. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तेथेही राजपत्रासारखेच आहे. आधी जुने नाव उच्चारले जाते, मग नवे मिळते. या क्रमात काही आध्यात्मिक अर्थ आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय.

नाव बदलण्याचे संस्कार आपल्याला नवे नाहीत. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे आहे. एका रेघेसरशी माहेरचे नाव मागे पडते. संन्यास घेणाराही नवे नाव धारण करतो, आणि त्याला पूर्वाश्रमीचे नाव विचारू नये असा संकेत आहे. तो पूर्वीचा मनुष्य जणू राहिलेलाच नसतो. नावाच्या बाबतीत आपली भाषाही मोठी मार्मिक आहे. बारशाला आपण नाव ठेवतो, आणि पुढे जन्मभर त्याच माणसाला नावे ठेवतो. एका अनुस्वाराचेही अंतर नाही, केवळ एका मात्रेचे आहे. मनुष्याला मिळालेली पहिली देणगी आणि त्याला लागलेला पहिला डाग, दोन्ही पुष्कळदा एकाच शब्दात असतात.

आता बायबलातील पहिली मोठी कथा पाहू. ती जुन्या करारातील, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांना पूज्य असलेली आहे. अब्राम नावाचा एक वृद्ध भटका मेंढपाळ. त्याचे वय नव्याण्णव. पत्नी साराय नव्वदीची आणि निपुत्रिक. दासीपासून झालेला एक मुलगा काय तो घरात. अशा वेळी देव त्याला सांगतो की येथून पुढे तुझे नाव अब्राम राहणार नाही, ते अब्राहाम होईल. मूळ कथेनेच या नावाचा अर्थ दिला आहे: पुष्कळ राष्ट्रांचा पिता. सारायचीही सारा होते. या प्रसंगाची अवघड बाजू आपण लक्षात घ्यावी. उद्या सकाळी हा म्हातारा शेजाऱ्यांना आपले नवे नाव सांगणार, आणि शेजारी त्याच्या तंबूकडे पाहणार. पुष्कळांचा बाप, आणि अंगणात खेळणारे पोर एकच! नाव म्हणजे वस्तुस्थितीची नोंद असे आपण धरून चालतो. येथे नाव आधी आले आहे आणि वस्तुस्थिती मागून यावयाची आहे. हे नाव पदवी नव्हे, ते वचन आहे. आणि ते वचन खरे होईपर्यंत ज्याला ते मिळाले त्याला लोकांचे हसू सोसावे लागणार आहे. अब्राहाम स्वतःच, हे ऐकून, जमिनीवर पालथा पडून हसला असे ग्रंथ सांगतो.

दुसरी कथा त्याच्या नातवाची, याकोबाची. ती मला या विषयाचे मर्म वाटते. याकोब हा जुळ्यांतील धाकटा. थोरल्या एसावाची टाच धरून जन्मला, म्हणून त्याचे नाव याकोब पडले असे कथा म्हणते. पुढे त्याने भावाला दोनदा फसवले, आणि एसाव कळवळून म्हणाला की याचे नाव याला बरोबरच ठेवले आहे. हा टाच धरून पाडणाराच आहे. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे येथे एक झाले. त्यातील मोठी फसवणूक अशी: आंधळ्या बापाचा आशीर्वाद थोरल्याला मिळावयाचा होता. याकोब शेळ्यांच्या पिलांची कातडी हातावर गुंडाळून आत गेला. बापाने विचारले, तू कोण? त्याने सांगितले की मी एसाव, तुमचा ज्येष्ठ पुत्र. आशीर्वाद मिळाला, पण तो दुसऱ्याच्या नावावर मिळाला.

मग पळून जाणे आले. मामाच्या घरी वीस वर्षे गेली. बायकामुले, गुरेढोरे घेऊन तो परत निघाला तेव्हा वाटेत एसाव चारशे माणसांनिशी येत असल्याची वार्ता त्याला मिळाली. यब्बोक नदीच्या उताराशी त्याने सर्वांना पलीकडे पाठवले आणि तो एकटा मागे राहिला. त्या रात्री कोणी एक अनोळखी पुरुष पहाटेपर्यंत त्याच्याशी झुंजला. याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला, तरी त्याने पकड सोडली नाही. आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही असे तो म्हणाला. त्यावर त्या पुरुषाने काय विचारावे? तुझे नाव काय?

श्रोतेहो, आशीर्वाद मागणाऱ्या याकोबाला हा प्रश्न आयुष्यात दुसऱ्यांदा विचारला जात आहे. पहिल्या वेळी त्याने भावाचे नाव सांगितले होते. या वेळी तो म्हणतो, याकोब. एवढेच. टाच धरणारा, लबाड, भाऊ ज्या शब्दाने रडला तो शब्द. ते उत्तर म्हणजे केवळ ओळख नव्हे. तो कबुलीजबाब आहे. आणि तो दिल्यानंतरच त्याला सांगितले जाते की तू आता याकोब नव्हेस, इस्राएल आहेस. देवाशी आणि माणसांशी झुंजून टिकलेला. नंतर सूर्य उगवतो, आणि नवे नाव मिळालेला हा मनुष्य लंगडत नदीपार जातो. धर्मनिष्ठ ज्यू आजही जनावराच्या जांघेतील तो स्नायू खात नाहीत, तो याच रात्रीच्या स्मरणार्थ. नव्या नावाबरोबर त्याला जन्माचे लंगडेपणही मिळाले, आणि त्याच्या वंशाने नावाइतकीच त्या लंगडेपणाचीही आठवण ठेवली.

आणखी एक बारकावा. अब्राहामाला उत्पत्तीच्या पुस्तकात पुढे अब्राम म्हटलेले नाही. याकोबाचे तसे झाले नाही. इस्राएल हे नाव मिळाल्यावरही ग्रंथ त्याला पुष्कळदा याकोबच म्हणतो. आणि म्हातारपणी मिसर देशाकडे जाताना रात्रीच्या दर्शनात प्रत्यक्ष देव त्याला हाक मारतो ती जुन्याच नावाने, आणि तीही दोनदा. ज्याने ते नाव बदलले त्याच्याच तोंडी ते राहिले. याचा अर्थ मला असा लागतो की नवे नाव जुन्याला पुसून टाकीत नाही. त्याच्यातील विष तेवढे काढते. जे नाव सांगण्याची याकोबाला लाज होती, त्याच नावाने हाक आली तर आता त्याने निर्भयपणे ओ द्यावी.

याच्या उलट दोन उदाहरणे याच ग्रंथात आहेत. रूथच्या कथेतील नामी ही नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परत येते. तिच्या नावाचा अर्थ मनोरम असा. ती शेजारणींना म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. दुःखाने मनुष्य स्वतःला असे नाव देतो; आपल्यापैकी अनेकांनी ते मनातल्या मनात दिलेले असते. पण गंमत अशी की त्या कथेत पुढे तिला कोणीही मारा म्हणत नाही. कथाकार म्हणत नाही, शेजारणी म्हणत नाहीत. शेवटी तिच्या मांडीवर नातू येतो तेव्हाही ती नामीच असते. निराशेच्या घटकेत स्वतःचे ठेवलेले नाव खरे धरावयाचे नसते.

दुसरे उदाहरण दानीएलाचे. बाबेलच्या राजाने यहूदी तरुण कैद करून नेले आणि दरबारच्या अधिकाऱ्याने त्यांची नावे बदलली. दानीएलाचा बेल्टशस्सर केला. हीही नवीन नावेच. परंतु येथे कोणी कोणाला जुने नाव विचारले नाही, कोणी कोणाशी रात्रभर झुंजले नाही. सत्तेने दिलेले नाव माणसाला बोलावीत नाही. ते त्याच्यावर डागणी देते.

आता नव्या करारात येऊ. गलीलच्या सरोवरावरील एक कोळी, शिमोन. त्याचा भाऊ त्याला येशूकडे घेऊन गेला. योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग फार थोड्या शब्दांत आहे. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले; तू योहानाचा मुलगा शिमोन, असे त्याचे जुने नाव बापाच्या नावासह घेतले; आणि मग सांगितले की तुला केफा म्हणतील. केफा हा अरामी शब्द. ग्रीकमध्ये त्याचेच पेत्र झाले. अर्थ दगड किंवा खडक.

मराठी कानाला या नावात वेगळेच काही ऐकू आले पाहिजे. केफा म्हणजे आपला धोंडू! आज आपण पेत्र हे नाव मोठ्या मंदिरांच्या शिखरांशी जोडतो, परंतु त्या कोळ्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते दगडू यासारखेच ओबडधोबड वाटले असल्यास नवल नाही. आपल्याकडेही भारतरत्न धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे हे नाव पिढ्यान्पिढ्या आदराने उच्चारले गेले. नावाला थोरवी माणसाकडून येते, ती अशी. पेत्राची थोरवी मात्र लगेच आली नाही. हा खडक पाण्यावर चालू गेला आणि बुडू लागला. अटकेच्या रात्री त्याला जागे राहण्यास सांगितले होते; तो झोपला, आणि त्या वेळी येशूने त्याला हाक मारली ती शिमोन म्हणून. त्याच रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा सांगितले की मी त्या मनुष्याला ओळखतही नाही. पुढे, पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो की तुझे माझ्यावर प्रेम आहे काय. आणि तीनही वेळा त्याला योहानाच्या मुला शिमोना, असेच संबोधतो. रागाने नव्हे. जेथून पहिल्या दिवशी आरंभ केला होता तेथूनच पुन्हा आरंभ करण्यासाठी. आधी जुने नाव. ते खरेपणाने ऐकून घेतल्यावर मेंढरे सांभाळण्याचे काम. खडक हे नाव शिमोनाला तो खडक होता म्हणून मिळालेले नाही. ते त्याला आधी मिळाले, आणि त्या नावाला पुरे पडण्यात त्याचा जन्म गेला.

पौलाविषयी मात्र एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. शौलाचा पौल झाला असा वाक्प्रचार आपण ऐकतो आणि दमास्कसच्या वाटेवर त्याला नवे नाव मिळाले असे मानतो. ग्रंथ तसे म्हणत नाही. त्या दर्शनानंतरही तो कित्येक वर्षे शौलच आहे. पुढे सायप्रस बेटावर, रोमन सुभेदारासमोर उभा असताना, शौल ज्याला पौलही म्हणत, असा ओझरता उल्लेख येतो. ज्यू आणि रोमन अशा दोन जगांत वावरणाऱ्या या माणसाला दोन्ही नावे असावीत. जगाच्या इतिहासातील एक अत्यंत गाजलेले मनःपरिवर्तन नाव न बदलता झाले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी अनेकांची नावे घेतली आहेत. त्यांत फिबी आहे, हर्मेस आहे. ही ग्रीक देवतांची नावे. ती बदला असे पौल कोठेही लिहीत नाही. नाव बदलण्याचा आग्रह पुढच्या काळात वाढत गेला. इ. स. 533 मध्ये पोपपदी निवडलेल्या धर्मगुरूचे नाव मर्क्युरियस होते. हर्मेसचेच हे रोमन रूप. रोमन देवाचे नाव या पदावर शोभणार नाही म्हणून त्याने योहान हे नाव घेतले, आणि पुढे पोपांनी नवे नाव घेण्याची रूढी पडली. मठांतून आणि भगिनीसंघांतूनही व्रते घेताना नवे नाव घेण्याची चाल होती; अग्नेस नावाच्या तरुणीने 1931 मध्ये पहिली व्रते घेतली ती लिझ्यूच्या संत तेरेसाचे नाव धारण करून, आणि कोलकात्याने ते नाव जगभर नेले. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायदेसंहितेत मुलांना ख्रिस्ती नाव द्यावे, आईबापांनी वेगळे ठेवलेच तर एखाद्या संताचे नाव जोडावे, असे सांगितले होते. 1983 च्या संहितेने मात्र ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे, एवढेच म्हटले. फिबी आणि हर्मेस यांना पुन्हा दार उघडले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न आपल्या भूमीत केवळ पुस्तकी राहिलेला नाही. गोव्यात 1510 नंतर पोर्तुगीज अमलाखाली ज्यांचे धर्मांतर झाले, त्यांना नावाबरोबर आडनावही पोर्तुगीज मिळाले. पुष्कळदा ते धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे असे. काही कुटुंबांनी जुनी आडनावे पिढ्यान्पिढ्या मनात जपली. तेथे बाबेलच्या दरबाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. दिलेल्या नावाखालीही खरी श्रद्धा रुजली आणि वाढली, हेही तितकेच खरे. पण कोणाचे जुने नाव न ऐकता त्याला नवे देणे हे त्या ग्रंथाच्या रीतीला धरून नव्हते.

एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेली मराठी माणसे पाहावीत. काशीस राहणारे नीलकंठशास्त्री गोरे यांनी 1848 मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला; त्यांना नहेम्या हे नाव मिळाले, पण नीलकंठ त्यांनी सोडले नाही; नहेम्या नीलकंठ गोरे अशी दोन्ही नावे एकमेकांशेजारी नांदली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथील नोंदीत मेरी हे नाव रमा या नावाआधी बसले. परंतु त्यांच्या लोकांनी त्यांना रमाबाईच म्हटले, आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत विद्वत्तेसाठी दिलेली पंडिता ही पदवी त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनातही टाकून दिली नाही. हीब्रू आणि ग्रीक शिकून याकोबाची आणि नामीची कथा त्यांनी मराठीत उतरवली ती याच नावाने.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नारायण हे विष्णूचे नाव, वामन हा त्याचा अवतार, आणि टिळक म्हणजे कपाळावरील खूण. या तिन्हींतील एकही अक्षर त्यांनी बदलले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या आयुष्यात नाव एकदाच बदलले. माहेरची मनकर्णिका लग्नात लक्ष्मी झाली, तेव्हा ती लहान मुलगी होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. पुढे 1900 मध्ये, पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर आणि स्वतःशी पुष्कळ झगडल्यानंतर, त्या आपल्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. तेव्हा मात्र नाव तेच राहिले. जेथे नाव बदलले तेथे तिचे मन कोणी पाहिले नाही, आणि जेथे मन बदलले तेथे नावाला हात लावण्याची गरज पडली नाही.

मग ख्रिस्ती धर्मात नव्या नावाचा अर्थ तरी काय राहिला? बाप्तिस्म्याच्या विधीतच त्याचे उत्तर आहे, असे मला वाटते. बालकाच्या बाप्तिस्म्यात धर्मगुरू आईबापांना प्रथम विचारतात की तुम्ही याचे नाव काय ठेवले आहे. प्रश्न तोच, यब्बोकच्या काठचा. मग त्या नावाने, आडनाव न उच्चारता, मुलाला हाक मारतात आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी घालतात. येथे मुलाला मिळालेल्या नावापेक्षा ज्या नावात त्याला घेतले ते नाव मोठे आहे. कुळाचे, जातीचे, गावाचे नाव त्या क्षणी बाजूला राहते, आणि मनुष्य एकट्याने, केवळ आपल्या हाकेच्या नावानिशी, देवापुढे उभा राहतो. तेथे नारायण चालतो, लक्ष्मी चालते, धोंडूही चालतो. अट एकच: नाव खरे असले पाहिजे. भावाचे कातडे पांघरून तेथे जाता येत नाही.

बायबलाच्या अखेरच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, या विचाराचे शेवटचे टोक आहे. पर्गम येथील मंडळीला निरोप दिला आहे की जो टिकून राहील त्याला पांढरा खडा देण्यात येईल, त्या खड्यावर नवे नाव लिहिलेले असेल, आणि ज्याला ते मिळेल त्याच्यावाचून ते कोणालाही कळणार नाही. हा खडा कसला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जुन्या ग्रीक न्यायसभांतून आरोपी निर्दोष ठरवताना पांढरा खडा टाकीत, म्हणून तो सुटकेचा खडा असे कोणी म्हणतात. मेजवानीच्या प्रवेशाची ती खूण असे कोणी म्हणतात. दोन्ही अर्थ सुंदर आहेत. पण मला त्यातील गुप्तता अधिक महत्त्वाची वाटते. हे नाव कोणत्याही राजपत्रात छापून येणार नाही. दुसऱ्याच्या खड्यावर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही. म्हणून त्याचे अंतिम नाव मी ठेवू शकत नाही, आणि त्याला नावेही ठेवू शकत नाही. चोर, वेडा, पतित, निकामी ही आपण माणसांवर चिकटवलेली नावे तात्पुरती आहेत. खरे नाव अजून कळावयाचे आहे. आणि जे इतरांविषयी, तेच स्वतःविषयीही. नामीप्रमाणे एखाद्या संध्याकाळी आपण स्वतःला मारा म्हणू लागतो, तेव्हा ते नाव लिहिण्याचा अधिकार आपला नाही, एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.

त्या निवृत्त शिक्षकांची पुन्हा भेट झाली नाही. माझी बदली झाली. आज ते समोर बसले असते तर मी त्यांना म्हणालो असतो: गुरुजी, आपण नवे नाव घेतलेत ते योग्यच केले, पोरांच्या टवाळीत जन्म काढण्याचे बंधन कोणावर नाही. पण ती कोरी जागा भरताना आपला हात थांबला आणि मग चालला, तेथेच खरे काम झाले. आपल्या आईने आपणांस दगड म्हटले ते आपण दगड आहात म्हणून नव्हे. आपण टिकावे म्हणून. दोन मुले गमावलेल्या त्या बाईजवळ देण्यासारखे एवढेच होते, आणि ते तिने दिले. गलीलच्या काठी एका कोळ्यालाही तेच नाव, जवळजवळ त्याच इच्छेने दिले गेले. छापील कागदावर ते नाव आधी येते, यात कमीपणा कसला? पहिल्या नावाने आपणांस जगवले, म्हणून तर दुसरे घ्यावयाला आपण माझ्या टेबलापाशी येऊ शकलात.